पाठीवरून आलेलं घर

ल काँटच्या लॉजवर रात्रीच्या जेवणात अर्धा पीच येतो. डब्यातला, पाकात मुरलेला, पिवळाधमक. खाली गॅटलिनबर्ग गावातल्या दुकानात असा डबा दिसला असता तर आम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं. इथं मात्र टेबलावरचे बाराही जण तो ताटाच्या कडेला सरकवून शेवटच्या घासासाठी राखून ठेवत होते. या जागेची चव कशात आहे, ते मला त्या पीचनं सांगितलं. इथं जे काही आहे ते कुणीतरी वाहून आणलेलं आहे.

टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात माउंट ल काँट ६,५९३ फूट उंच उभा आहे. आपल्या कळसूबाईहून हजारावर फूट जास्त. लॉज शिखराच्या जरा खाली. गाडीरस्ता नाही, वीज नाही, आंघोळीची सोय नाही. खोलीत रॉकेलचा कंदील, पितळी नव्हे, साधाच. आणि एक तसराळं. स्वयंपाकघरातून बादलीभर ऊन पाणी आणायचं आणि हातपाय धुवायचे. कौतुक करायचं तर गैरसोयीचं कौतुक करावं लागतं, आणि तो खोटा सूर मला आवडत नाही. थंडीत ओल्या मोज्यांनी निजणं वाईटच. तरी कंदिलाची वात बारीक केल्यावर लाकडी भिंतीवर जो मधाळ उजेड उरतो, तो बटण दाबून मिळणारा नव्हे.

आम्ही अ‍ॅलम केव्हच्या वाटेनं चढलो. अंतर पाच मैल, पण चढ पावणेतीन हजार फुटांच्या आसपास. वाट रचलेली आहे एखाद्या बड्या ख्यालासारखी: आधी ओढ्याकाठची रमतगमत आलापी, मग आर्च रॉकच्या पोटातून चढणाऱ्या पायऱ्या, आणि अर्ध्यावर ती ‘केव्ह’. नावाला गुहा, खरं तर पुढं झुकलेलं कातळाचं कपाळ, ऐंशीएक फूट उंच. बाहेर पाऊस पडत होता आणि त्याच्या खाली पावलागणिक कोरडी धूळ उडत होती. स्मोकीजच्या माथ्यांवर वर्षाला ८५ इंचांपर्यंत पाऊस पडतो, म्हणून या मूठभर कोरडेपणाची नवलाई. पुढं कातळाला ठोकलेल्या पोलादी तारा धरून चालायचं. इथं बायको म्हणाली, “बोलू नकोस, श्वास वाचव.” लय द्रुत झाली होती.

वर पोचल्यावर क्लिफ टॉपवरचा सूर्यास्त बघायचा, असा रिवाज. आम्हाला धुक्यानं काही दाखवलं नाही. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सूर्यास्त सगळीकडे असतात. इथलं खास ते निळेपण. चेरोकी लोकांनी या डोंगरांना निळ्या धुराची जागा म्हटलं, आणि तो धूर झाडांचाच आहे: पानांतून सुटणारी बाष्पं हवेत मिसळतात, त्यांत उजेड विखुरतो. सकाळी रांगेमागे रांग, प्रत्येक आधीच्या रांगेपेक्षा फिकी. पुढं मात्र फ्रेझर फरचे वाळलेले, करडे खांब. युरोपातून आलेल्या एका इवल्या किडीनं या झाडांची जुनी पिढी संपवली. खाली कोवळी रोपं दाट उगवलीत, एवढं समाधान.

जेवणघराच्या गप्पांत एका छायाचित्राचा विषय निघतोच. जॅक हफनं १९२६ मध्ये हे लॉज उभारायला घेतलं. उद्यानाची स्थापना व्हायला तेव्हा आठ वर्षं होती. त्याच्या आजारी आईला डोंगरमाथा बघायचा होता. त्यानं खुर्चीला पट्टे लावले, ती पाठीवर बांधली आणि आईला वर नेलं. आपल्याला लगेच श्रावणबाळ आठवतो, पण चित्र नीट पाहा. कावडीत आईबाप बाजूला लटकतात. इथं आई पाठीला पाठ लावून, मागं तोंड करून बसली आहे. म्हणजे मुलाला सबंध वाटेत फक्त पुढचा दगड दिसला असणार, आणि उघडत जाणारी दरी सगळी तिच्या वाट्याला. वाहणाऱ्याला देखावा नाही, हे चित्राचं मर्म. याच हफनं पुढं १९३४ मध्ये याच डोंगरावरच्या मर्टल पॉइंटवर सूर्योदयाला लग्न केलं. तेव्हा तरी त्यानं समोर पाहिलं असेल.

आता ओझं लामा वाहतात. घोड्यांच्या टापांनी वाट उखडते. लामाचा तळवा मऊ, म्हणून १९८०च्या दशकात ते आले. जड सामान वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर हेलिकॉप्टरनं येतं. बाकी धुतलेल्या चादरी, ताजा माल आठवड्यातून तीनदा लामांच्या पाठीवरून. परतताना कचरा आणि मळकी धुणी. माझ्या अंगाखालची चादर साडेसहा मैल चालून आली होती, हे कळल्यावर मी ती सकाळी उगाचच घडी घालून ठेवली. लॉजच्या दुकानातले दरवर्षी बदलणारे टीशर्ट मात्र मला रुचले नाहीत. एवढ्या मिताक्षरी जागेत ते मोठ्यानं वाजवलेल्या टाळीसारखे वाटतात.

न्याहारीला पॅनकेक. माझ्या ताटात दीड उरला. लाजत म्हटलं, टाकू नका. वाढणारी मुलगी हसली. एका मोठ्या पातेल्यात आधीच थप्पी साचली होती. “हे लामांचे.”

आम्ही ट्रिलियम गॅपच्या वाटेनं उतरत होतो; भाची गाडी घेऊन खाली थांबणार होती. तासाभरानं वळणावर घंटी किणकिणली. आम्ही वाट सोडून उभे राहिलो. एकामागे एक, माना ताठ, दोन्ही कुशींना गाठोडी, पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच. ओल्या लोकरीचा वास तेवढा मागं राहिला. शेवटचा पांढरा लामा मला घासून गेला, पण त्यानं वळून बघितलं नाही. त्याचं लक्ष वरच्या पातेल्याकडे होतं.