विज्ञानकथेतला सातबारा

फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा तेलउत्पादक देशांची ‘ओपेक’ संघटना जेमतेम पाच वर्षांची होती. अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या ‘मसाल्या’वाचून ताऱ्यांमधला प्रवास अशक्य, हा मसाला म्हणजे तेल, हे शाळकरी वाचकालाही कळतं. मला मोलाची वाटते ती कादंबरीतली ‘चोम’ कंपनी. सम्राट आणि सरदार घराणी झगडतात ती तिच्यातल्या हिश्श्यांसाठी. नायक अखेर बाजी मारतो तीही मसाल्याचा उगमच संपवण्याची धमकी देऊन. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पुरवठा हेच हत्यार कसं होतं, ते जगाने अनुभवलं. अलीकडच्या सिनेमांनी वाळूतले अजस्र किडे डोळे दिपतील असे दाखवले. कंपनीचा हिशेब मात्र बाजूला पडला.

जेम्स कॅमेरॉनचा ‘अवतार’ (२००९) उणा पडतो तो याच हिशेबात. खनिजासाठी डोंगरझाडी उद्ध्वस्त करणारी कंपनी त्यात आहे, पण तिला हा हक्क कुठल्या कायद्याने, कुणाच्या सहीने मिळाला? पटकथेला त्याची फिकीर नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटसाठी असाच संघर्ष चालू होता. २०१० मध्ये तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या बाजूने ‘व्हरायटी’ या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉनलाच साद घातली गेली. पडद्यावर बाहेरून आलेला गोरा सैनिक टोळीचा पुढारी होतो. नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. नाट्य म्हणून मला तरी हेच सरस वाटतं. तंबूत बसून ठराव करणारी माणसं हॉलिवूडला दिसत नाहीत, एवढंच.

पाओलो बाचिगालुपीच्या ‘द वॉटर नाइफ’ (२०१५) या कादंबरीत मात्र सगळा रक्तपात होतो तो पाण्याच्या एका जुन्या हक्कपत्रापायी. हे अतिरंजित नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात ज्याने पाणी आधी वापरलं त्याचा हक्क आधी. कोलोरॅडो नदीची वाटणी १९२२ च्या करारात जादा पावसाच्या वर्षांतल्या मोजमापांवर झाली, त्यामुळे कागदावरची नदी खऱ्या नदीपेक्षा मोठी आहे.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला. पण मराठी विज्ञानकथेचा ओढा शोध आणि संशोधक यांच्याकडेच राहिला. शोध लागल्यावर सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे ती क्वचित विचारते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ उजाडलं. कथाबीज इतकं जवळ आहे. आपल्या लेखकांनी परग्रहाकडे निघण्याआधी एखाद्या ग्रामसभेचं इतिवृत्त जरूर वाचावं.