अनपेक्षित चलनवाढ, अनिश्चित चलनवाढ आणि बेकारी

भाववाढ पत्करल्यास बेकारी आटोक्यात ठेवता येते, ही समजूत ए. डब्ल्यू. फिलिप्स यांच्या १९५८ च्या निबंधानंतर प्रगत देशांच्या आर्थिक धोरणात रूढ झाली. १९७० नंतर दोन्ही एकाच वेळी वाढू लागल्या, आणि त्या समजुतीचा पाया ढासळला. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७६ च्या नोबेल व्याख्यानात या घटनेचा जो उलगडा केला, त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांचा पुरावा त्या उलगड्यास पुरेसा आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

या विवेचनाचे मर्म एका भेदात आहे. अनपेक्षित चलनवाढ व अनिश्चित चलनवाढ या दोन गोष्टी एक नव्हेत. भाव अपेक्षेहून अधिक वाढले म्हणजे खरे वेतन घटते, कामगारांना मागणी वाढते व बेकारी काही काळ कमी होते. उलट, पुढे भाव किती वाढतील याचा अंदाजच बांधता येईनासा झाला, तर करारांच्या मुदती आखूड होतात आणि सापेक्ष किमतींतील बदल सर्वसाधारण भाववाढीपासून वेगळे ओळखता येत नाहीत. यामुळे कार्यक्षमता घटते हे उघड आहे. बेकारीवरील परिणाम मात्र तितका स्पष्ट नाही, हे फ्रीडमन यांनीही मान्य केले होते.

पुरावा मात्र निराळ्याच गोष्टीचा आहे. सात देशांच्या १९५६ ते १९७५ या काळातील पंचवार्षिक सरासरींवरून चलनवाढीची पातळी व बेकारी यांचे साहचर्य दिसते. त्या सरासरींत अनिश्चितता वेगळी मोजलेली नाही. शिवाय १९७३ ची तेलाची दरवाढ या दोहोंना एकदमच चालना देण्यास समर्थ होती. भाववाढीच्या अंदाजातील अनिश्चितता काळानुसार कशी बदलते, हे मोजण्याची पद्धती रॉबर्ट एंगल यांनी ब्रिटनच्या आकड्यांवरून १९८२ मध्ये मांडली.

अमेरिकेत जून २०२२ मध्ये वार्षिक भाववाढ ९.१ टक्के होती, तर बेकारी ३.६ टक्के. वर्षभराने भाववाढ ३ टक्क्यांवर आली, बेकारी ३.६ टक्केच राहिली. ती भाववाढ बव्हंशी अनपेक्षित होती. पण दीर्घ मुदतीच्या अपेक्षा फारशा ढळल्या नव्हत्या. एका उदाहरणाने सिद्धान्त कोसळत नाही. तथापि केवळ पातळीवरून बेकारीचा निर्णय होत नाही, एवढे त्यावरून दिसते. फ्रीडमन यांनी केलेला भेद टिकतो. त्यांच्या सरासरींवर विसंबून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.