आय फाइव्ह की आय सेव्हन? जुन्या प्रोसेसरची तुलना कशी करू नये

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की विषयाच्याही आधी प्रश्न येतो तो लॅपटॉपचा. हातात वीस-पंचवीस हजार रुपये, फेलोशिप कधी सुरू होईल माहीत नाही. राहुरी, संगमनेर, लोणी, नगर, कुठेही विचारा, सल्ला एकच: "जुना चालेल, पण आय सेव्हन घे." या सल्ल्याची आज जरा चिरफाड करू. कारण ही तुलना आपण आपल्या प्रबंधात केली असती, तर गाइडने पहिल्याच पानावर लाल शेरा मारला असता.

आधी "आय सेव्हन" या शब्दाकडे बघा. हे नाव इंटेलने त्या-त्या पिढीतल्या दर्जासाठी ठेवलेलं आहे. पिढी बदलली की त्याचा अर्थही बदलतो. सातव्या पिढीच्या आय सेव्हन-७५००यू मध्ये २ कोअर आणि ४ थ्रेड आहेत. २०१७ मध्येच आलेल्या आठव्या पिढीच्या आय फाइव्ह-८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. दोन्ही १५ वॅटचे. म्हणजे इथे धाकटा थोरल्यापेक्षा सरस. तरी दुकानात आय सेव्हनच्या स्टिकरचे पैसे जास्त मागितले जातात. म्हणून स्टिकर सोडा, पूर्ण मॉडेल नंबर वाचा. शेवटचं "यू" अक्षरही वाचा, ते कमी विजेवर चालणाऱ्या लॅपटॉप-प्रोसेसरची खूण आहे.

दुसरी चूक गिगाहर्ट्झची. आय फाइव्ह-८२५०यू चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, तर २०१५ च्या डेस्कटॉपमधल्या आय फाइव्ह-६५०० चा ३.२. मग डेस्कटॉप दुप्पट वेगवान का? नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर थोडा वेळ ३.४ पर्यंत चढतो, पण पातळ डब्यात उष्णता साठली की खाली उतरतो. डेस्कटॉपला ६५ वॅट आणि मोठा पंखा मिळतो, तो तासन्‌तास एका चालीने चालतो. दोन मिनिटांच्या चाचणीतला आकडा आणि रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनचा अनुभव म्हणूनच जुळत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीनुसार सुचवले आहेत: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारी जमिनीला फुले वसुधा. "यातला चांगला कोणता?" असं विचारलं तर शेतकरी उलट विचारेल, "जमीन कुठली?" प्रोसेसरचंही तसंच. आधी काम सांगा.

तुमचं काम आर मधलं साधं विश्लेषण असेल, तर आर मूळ स्वरूपात बहुतेक कामं एकाच कोअरवर करतं. तिथे आठ थ्रेडचा फारसा फायदा नाही, एका कोअरची ताकद आणि रॅम महत्त्वाची. एकच गणित हजार वेळा चालवायचं असेल (बूटस्ट्रॅप वगैरे), तर ते वाटून देता येतं आणि कोअर उपयोगी पडतात. तेही तुम्ही कोड तसा लिहिला तरच.

आता सगळ्यात फसवी खरेदी: नवाकोरा पण स्वस्त लॅपटॉप. त्यात अनेकदा सेलेरॉन एन४०२० सारखा प्रोसेसर असतो: २ कोअर, २ थ्रेड, ६ वॅट. टायपिंग, पीडीएफ, ऑनलाइन मीटिंग यांना ठीक. पण त्यात एव्हीएक्स नावाच्या गणिती सूचनाच नाहीत आणि टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस १.६ आवृत्तीपासून त्या गृहीत धरतात. म्हणजे तुमचं मॉडेल हळू चालेल असं नाही, ते चालूच होणार नाही. २०१२ च्या आय फाइव्ह-३४७० या जुन्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मात्र एव्हीएक्स आहे. नवं ते चांगलं, हे गृहीतक इथे कोसळतं.

जुन्याचे तोटेही मोजा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे कोअर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. म्हणजे ६५०० किंवा ७५००यू घेतला तर लिनक्स शिकायची तयारी ठेवा. आर आणि पायथन तिथे उत्तम चालतात. गंमत म्हणजे एन४०२० त्या यादीत आहे! यादीत असणं आणि दमदार असणं वेगळं. शिवाय डेस्कटॉप घेतला आणि गावाकडे वीज गेली, तर यूपीएसशिवाय रात्रीची रन वाया. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर तो तेवढा तरतो.

माझं मत विचाराल तर: फिल्डवर फिरायचं असेल तर आठव्या पिढीचा वापरलेला आय फाइव्ह लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि एसएसडीसह. एका जागी बसून लांबलचक गणितं करायची असतील तर जुना चार कोअरचा डेस्कटॉप, आणि उरलेल्या पैशात रॅम.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, डेटा किती जीबीचा, एक रन किती तासांची. या ओळी लिहिता येत नसतील तर खरेदी महिनाभर पुढे ढकला आणि तोवर विभागातल्या लॅबमधल्या मशीनवर काम करून बघा. शक्य असेल तर स्वतःचा कोड पेनड्राइव्हवर नेऊन दुकानातच अर्धा तास चालवा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या, पैसे तुमचे आहेत आणि प्रबंधही तुमचाच.