दात काढलेले राक्षस

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या किरकोळ दुकानांत हाँगकाँगहून आलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पिशव्या मिळत. आतले जीव कुठल्याच काळात पृथ्वीवर न झालेले, ओबडधोबड, कुणाच्याही कल्पनेबाहेरचे. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी ही खेळणी आणली ती टेबलावरच्या युद्धखेळात शत्रू म्हणून उभी करायला. त्यातून पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले तीन नामांकित मॉन्स्टर निघाले. घुबडाच्या तोंडाचं अस्वल, जमिनीखालून उसळणारा चिलखती शार्क, आणि शेपटीला पंख्यासारखं पातं असलेला, लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली छापला गेला. एक जण, म्हणजे गेम मास्टर, गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन, ‘पार्टी’ करून त्या गोष्टीत वावरतात, आणि जिथे घोडं अडतं तिथे फासे टाकतात. अशा शेकडो खेळांची आज बाजारात रेलचेल आहे. पण त्यांच्या रचनाकारांची खरी कसोटी अजून दोनच ठिकाणी लागते: समोर कोण उभं राहणार, म्हणजे मॉन्स्टर, आणि आपण कोण होणार, म्हणजे क्लास. पहिल्या जागी आपण गणितात हुशार झालो आणि धीट राहिलो नाही. दुसऱ्या जागी तर बेरजेपलीकडे काही उरतंय की नाही अशी शंका यावी, अशी परिस्थिती आहे.

रस्ट मॉन्स्टर कुणाला जिवे मारायच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या मिशा धातूला लागल्या की धातूचा गंज होतो आणि तो गंज तो खातो. तलवारीने घाव घातला तर तलवारच जाते. आता टेबलावर काय होतं ते पाहा. ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा, आपादमस्तक पोलादात मढलेला योद्धा सगळ्यांत आधी पळत सुटतो. अंगात झगा, हातात काठी, दोन फटक्यांत मरेल असा जादूगार पुढे होतो. कुणी कनवटीचे खिळे फेकून त्या जनावराला दुसरीकडे वळवतो, कुणी घाईघाईने चिलखताचे पट्टे सोडायला लागतो. एका नियमाने सगळ्या पार्टीची उतरंड उलटी केली, तीही कुणाच्या अंगाला ओरखडा न काढता. याला मी रचना म्हणतो.

पुढे या जनावराचं काय झालं, यात या कलेची निम्मी कहाणी आली. 2006 साली खेळाच्या मालक कंपनीतले रचनाकार माइक मर्ल्स यांनी त्याचा नवा आराखडा मांडला. त्यात गंजलेला धातू दहा मिनिटांनी पूर्ववत होत होता. 2009 मध्ये चौथ्या आवृत्तीच्या एका पुस्तकाने कडी केली. या जनावराने खाल्लेल्या जादुई वस्तूचं मोल त्याच्या पोटातून परत काढून घ्यायची सोय झाली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत जादुई धातूला तो हातच लावत नाही, आणि साधी तलवारही टप्प्याटप्प्याने, उणे एक, उणे दोन करत, उणे पाचला पोचल्यावर मोडते. पाचव्या-सहाव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या त्या पायरीला पोचलेल्या, कुठल्या योद्ध्याकडे साधी तलवार असते? दात काढून, नखं कापून, गळ्यात पट्टा बांधून जनावर परत टेबलावर आणलं.

यामागे मूर्खपणा नव्हता, हेही सांगायला हवं. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक मॉन्स्टरला ‘चॅलेंज रेटिंग’चा आकडा चिकटवला. चार जणांच्या पार्टीला कोणता शत्रू झेपेल याचा अंदाज त्याने यायचा. नवख्या गेम मास्टरसाठी ही मोठीच सोय होती. पण धारदार नियमाला आकडा लावणं कठीण असतं. किती हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल, आणि किती नुकसान, हे मोजता येतं. ‘तलवार गेल्यावर माणूस किती हादरतो’ हे कुठल्या रकान्यात लिहिणार? जे मोजता येतं तेच मग रचलं जातं. शिवाय खेळणाऱ्याचं पात्रही बदललं. पूर्वी पात्र तासाभरात मरे, नवीन पाच मिनिटांत तयार होई. आता लोक पात्राचं बालपण, गेलेली आई, वाड्याचा नकाशा असं सगळं लिहून आणतात. त्याची तलवार मोडणं हा मग जवळजवळ शिष्टाचाराचा भंग ठरतो.

2008 च्या चौथ्या आवृत्तीला ‘हा तर व्हिडिओ गेम’ म्हणून जी झोड उठली, ती मला आजही अन्यायाची वाटते. रस्ट मॉन्स्टरचं तिने मातेरं केलं, खरं. पण एकाच हिट पॉइंटचे, एका फटक्यात पडणारे ‘मिनियन’ तिनेच आणले. आडदांड, नेमबाज, दबा धरणारा अशी शत्रूंची कामं तिनेच वाटून दिली. पाचव्या आवृत्तीने त्यातलं बरंचसं लाजेकाजेस्तव टाकून दिलं, आणि मग मधल्या लेव्हलचे पुष्कळसे मॉन्स्टर हिट पॉइंटने गच्च भरलेली पोती झाली. दोनदा ओरबाडतो, एकदा चावतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ही उणीव बाहेरच्यांनी ओळखली. मॅट कोलविल यांच्या एमसीडीएम कंपनीचं ‘फ्ली, मॉर्टल्स!’ (2023) हे पुस्तक म्हणजे त्या पोत्यांवरची तक्रारच आहे, आणि सप्रमाण आहे. ‘थर्टीन्थ एज’ या खेळाने (2013) तर फाशावर ठरावीक आकडा पडला की मॉन्स्टरची खोड आपोआप बाहेर पडेल अशी व्यवस्था केली, त्यामुळे गेम मास्टरलाही पुढे काय होणार ते आधी ठाऊक नसतं. दुसऱ्या टोकाला पॅट्रिक स्टुअर्ट आणि स्क्रॅप प्रिन्सेस यांचं ‘फायर ऑन द वेल्वेट होरायझन’ (2015). मॉन्स्टरांचं अख्खं पुस्तक, पण आकडा एकही नाही. खेळायला घेतलं तर अर्धं काम आपल्यालाच करावं लागतं. वाचायला मात्र त्याच्या तोडीचं फार थोडं आहे.

आपल्या ओळखीचा एक जीव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आहे: राक्षस. पण तो व्यासांकडून आला नाही, वाल्मीकींकडूनही नाही. ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या एका भागातून तो गायगॅक्स यांच्या नजरेत भरला. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याचंच रूप घेणारा, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचं डोकं, उंची झगा आणि हातात पाइप दिला. घटोत्कचाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे चित्र पाहून हसू येतं. पण रचना म्हणून तो भक्कम आहे, कारण तो आल्यावर पार्टीतले लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. माझी तक्रार वाघाच्या डोक्याबद्दल नाही. नाव उचललं आणि त्यासोबतची कारागिरी तिथेच सोडली, याबद्दल आहे. पुराणातल्या रक्तबीजाच्या रक्ताचा एक थेंब सांडला की नवा रक्तबीज उभा राहतो. म्हणजे शस्त्र चालवणं हीच चूक. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे संरक्षणांची यादी आहे, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, आणि त्या यादीतली फट शोधणं हाच सगळा खेळ. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसाला काय मिळालं? सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याला लागत नसत. त्याहून वरच्या पातळीचा मंत्र आला की झालं. फट शोधायला डोकं लागत नसे, लेव्हल लागे.

क्लासची गोष्ट याहून उदास आहे. मूळ खेळात तीनच क्लास होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिक गरजेपोटी जन्मला. आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक मुलखातल्या खेळात एक खेळाडू सर फँग नावाचा व्हॅम्पायर होऊन बसला आणि कुणाला आवरेना, म्हणून भुताखेतांना पिटाळणारा धर्मगुरू काढावा लागला. 1975 मध्ये ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून चोर आला, आणि इथे एक मोठी चूक कुणाच्या लक्षात न येता झाली. तोवर भिंत चढायची, सापळा निकामी करायचा तर खेळाडू कसं करतो ते तोंडाने सांगे आणि गेम मास्टर न्याय करी. चोराला त्या कामांची टक्केवारी मिळाली. साहजिकच बाकीच्यांना वाटलं, ही कामं आता आपली नाहीत. नवा क्लास काहीतरी देतो तसा इतरांच्या हातून काहीतरी काढूनही घेतो, हे भान आजही फार थोड्या रचनाकारांना आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात (2010) ते दिसतं. तिथे प्रत्येक पात्राचा साचा टेबलावर एकालाच मिळतो. जो टोळीचा म्होरक्या होईल, त्याला टोळीबरोबर तिची भूक आणि तिचे तंटेही घ्यावे लागतात.

उलट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला रेंजर हा क्लास पाहा. टॉल्किनच्या अ‍ॅरागॉर्नवर बेतलेला, रानावनातला माणूस. 2014 च्या नियमांत आपल्या पसंतीच्या मुलखात तो असला की जादूचा चकवा सोडून पार्टी वाट चुकतच नाही, आणि शिधा शोधला तर दुप्पट मिळतो. रान हेच ज्याचं क्षेत्र, तो आला की रानातले सगळे पेच नाहीसे होतात; वाट शोधण्याचा खेळ व्हायच्या आतच संपतो, आणि रेंजर घेतलेला खेळाडू हात बांधून बसतो. तक्रारी झाल्या, पर्याय निघाले. 2024 च्या नव्या आवृत्तीत त्याची बहुतेक भिस्त ‘हंटर्स मार्क’ या एका मंत्रावर ठेवली आहे: सावज हेरायचं आणि प्रत्येक घावाला एक फासा जादा टाकायचा. विसाव्या लेव्हलला, म्हणजे वर्ष-दोन वर्षं दर रविवारी खेळून झाल्यावर, त्याला सर्वोच्च बक्षीस मिळतं: तो जादा फासा सहा बाजूंऐवजी दहा बाजूंचा होतो. घावामागे सरासरी दोन पॉइंट.