स्थिरचित्राचा विषय

फ्रान्समध्यें १६६७ सालीं आंद्रे फेलिबियां या पंडितानें चित्रविषयांची एक उतरंड लावून दिली. मानवाकृति, त्यांतही इतिहास-पुराणांतील, सर्वांत वर. फळें, फुलें, शंख-शिंपले अशा अचेतन वस्तु तळाशीं. पुढें काळ पालटला आणि विषयाला महत्त्वच नाहीं, रंग व आकार साधले म्हणजे झालें, असें उलट मत रूढ झालें. आमच्या मतें हीं दोन्ही मतें एकाच जागीं अपुरीं पडतात. वस्तूचें माणसाशीं जें नातें असतें, तें दोघांच्याही हिशेबांत येत नाहीं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांतील शार्दांचें एक चित्र याची साक्ष देईल. कोंकणांत ज्याला पाकट म्हणतात त्या जातीचा, पोट चिरलेला मासा आंकड्याला टांगला आहे. खालीं उघडलेल्या कालवांवर पाय देऊन एक मांजर अंग फुलवून उभें आहे. जवळच सुरी, सुरई आणि फडकें. विषय ओंगळ खराच. तरीही १७२८ सालीं अकादमीनें शार्दांला प्रवेश दिला तो या चित्रावर आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या एका चित्रावर. दिदरोसारख्या रसिकानेंही १७६३ सालीं त्याची मुक्तकंठानें स्तुति केली. रंगांचें कौशल्य हें त्याचें एक कारण. परंतु दुसरें असें कीं, येथें कोणी तरी आतांच मासा चिरून, सुरी ठेवून बाजूला गेलें आहे. चित्रांत माणूस नाहीं, पण त्याचा हात आहे.

हॉलंडच्या विलेम काल्फनें शंखाचे चषक, चिनी पात्रें, मूल्यवान गालिचे रंगविले. एवढेंच असतें तर ती व्यापाऱ्याच्या मालाची यादी झाली असती. तिला तारतें तें अर्धवट सोललेलें लिंबू. उलट, कवटी, विझलेला दिवा, घड्याळ मांडून जीविताची नश्वरता शिकविणाऱ्या चित्रांत चित्रकाराचा भरंवसा वस्तूपेक्षां तिच्या अर्थावर अधिक असला, तर चित्राचें कोडें होतें. आणि सुटलेलें कोडें पुन्हां कोण पाहतो?

सेझानचीं सफरचंदें तर कोणी खावयाचीं नव्हेत, मग तेथें नातें कसलें, असा आक्षेप निघेल. तें नातें दृष्टीचें आहे. तो इतका सावकाश काम करी कीं, पुढ्यांतलीं फळें नासून जात, असें सांगतात. शिवाय वर्षानुवर्षें तो त्याच त्या आल्याच्या बरणीकडे आणि मोजक्या भांड्यांकडे वळे. ज्याला सर्व वस्तु सारख्याच, तो असें करीत नाहीं.

तेव्हां स्थिरचित्राला कोणतीही वस्तु चालते. मात्र ती चित्रकाराच्या ओळखीची असावी लागते. आपल्याकडे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळें पिढ्यान् पिढ्या मुलांनीं दुसऱ्यानें मांडून ठेवलेल्या वस्तु काढल्या. छायाप्रकाश शिकण्यास तें ठीक. परंतु परीक्षा संपल्यावरही तीच मांडणी हातांत राहते, आणि घरांतील झिजलेली सहाण, आजोबांचा अडकित्ता, चुलीनें काळवंडलेलें पातेलें हे विषय होऊं शकतात हें सुचतच नाहीं. तरुण चित्रकारानें विषय शोधावयास बाजारांत जाण्यापूर्वीं एकवार आपल्या स्वयंपाकघरांत डोकावावें.