आधी समोरच्याचा डाव

१९५३ सालच्या झुरिकच्या कॅंडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेतला रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोस्यान हा डाव बरोबरीत सुटला. एकेचाळीस खेळ्या झाल्या, दोघांनी अर्धा-अर्धा गुण घेतला आणि उठले. राजावर धाव नाही, वजिराचं बलिदान नाही, मातही नाही. तरीही गेली सत्तर वर्षं हा डाव पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापला जातोय, तो काळ्याच्या एका खेळीसाठी, पंचविसाव्या. टिग्रान पेट्रोस्यान कळून घ्यायचा असेल, तर सुरुवात त्याच्या जगज्जेतेपदापासून करू नये. या बरोबरीपासून करावी.

स्थिती अशी. पांढऱ्याची दोन प्यादी पटाच्या मध्यावर शेजारी-शेजारी उभी आहेत, एक डी-४ वर, एक ई-५ वर. त्यांच्यामागे ई पट्टीवर दोन्ही हत्ती एकामागे एक लावलेले. वजीर एफ-४ वर, पांढऱ्या घरांवरचा उंट जी-४ वर. सॅम्युअल रेशेव्हस्की हा लहानपणी विलक्षण बालखेळाडू म्हणून गाजलेला, अमेरिकेचा त्या काळचा सर्वांत दणकट खेळाडू. त्याने शांतपणे सगळी जुळवाजुळव केलेली आहे. आता प्यादी पुढे सरकवायची, काळ्याची मोहरी चेपायची, की काम झालं. काळ्याकडे यावर एकच खरा उतारा आहे. सी-६ वरचा घोडा डी-५ या घरात नेऊन बसवायचा. तिथे तो बसला, की ही प्याद्यांची जोडी जागच्या जागी थिजते. पण घोड्याची वाट ई-७ वरून जाते आणि तिथे काळ्याचाच हत्ती अडून बसलाय. हत्ती हलवावा तर ई पट्टीवरचं प्यादं सुटतं.

पेट्रोस्यानने हत्ती उचलला आणि ई-६ वर ठेवला. म्हणजे सरळ जी-४ वरच्या उंटाच्या तोंडात.

वरवर पाहिलं तर हत्ती फुकट घालवला. नीट पाहिलं तर एका खेळीत तीन कामं झाली. घोड्याला वाट मिळाली. ई-५ चं प्यादं अडलं. आणि पांढऱ्याने उंटाने तो हत्ती मारलाच, तर काळ्याचं एफ पट्टीवरचं प्यादं ई-६ वर येऊन डी-५ च्या घोड्याला कायमचा टेकू देणार. वर गंमत अशी, की तो टेकू काढू शकणारा, पांढऱ्या घरांवरचा एकमेव उंट या मारामारीतच खर्ची पडणार. पांढऱ्याचा उरलेला उंट काळ्या घरांवरचा, तोही आपल्याच प्याद्यांमागे गाडलेला. हिशेबात पाच गुणांचा हत्ती देऊन तीन गुणांचा उंट घेतला. पण मोकळी पट्टीच नसेल तर पाच गुणांचा हत्ती करणार काय?

रेशेव्हस्कीने हत्ती लगेच मारला नाही. आधी ए पट्टीवरचं प्यादं एक घर सरकवलं, मग मारला. घोडा ठरल्याप्रमाणे डी-५ वर जाऊन बसला. काळ्याचा उंट डी-३ वर उतरला आणि तिथून पांढऱ्याच्या एफ-१ वरच्या वजिराला त्रास देऊ लागला. तेव्हा रेशेव्हस्कीनेही तोच मार्ग पत्करला: आपला एक हत्ती देऊन तो उंट उडवला. मला या डावातली ही जागा सगळ्यांत आवडते. आपल्यावर टाकलेली युक्ती मानाने परत करण्याचा हा प्रकार फार मोठ्या खेळाडूंनाच साधतो. शेवटी काळ्याचं एक प्यादं बी-२ पर्यंत घुसलं, पण तिथेच अडकलं, आणि बरोबरी झाली.

एक्सचेंज सॅक, म्हणजे उंट किंवा घोड्याच्या बदल्यात हत्ती देणं, पेट्रोस्यानच्या आधीही लोक करत होते. हत्ती द्यायचा, राजाभोवतीची भिंत फोडायची, चार-पाच खेळ्यांत मात करायची. तो हिशोबाचा सौदा होता. आज दिलेलं उद्या व्याजासह वसूल. पेट्रोस्यानने हत्ती दिला तो वसुलीची तारीख न लावता. घोडा एका घरात बसावा, एक पट्टी बंद व्हावी, समोरच्याच्या बेताला जागा उरू नये, एवढ्यासाठी. बाकी जे व्हायचं ते सावकाश होईल. मोहऱ्यांची किंमत आकड्यांत नसते, जागेत असते, हे तोंडाने सगळेच म्हणतात. त्याच्यासारखं पटावर ते करून दाखवणारे मोजकेच.

१९२९ साली तिबिलिसीत एका आर्मेनियन कुटुंबात त्याचा जन्म झाला. युद्धाच्या काळात आई-वडील दोघेही गेले आणि पोटासाठी या मुलाने रस्ते झाडण्याचं काम केलं. ऐकू कमी यायचं, ते जन्मभर. कानाला यंत्र लावावं लागे. निम्झोविचची पुस्तकं त्याच्या हाती लागली आणि ती त्याने पाठ होईपर्यंत वाचली. बुद्धिबळात ज्याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे समोरच्याचा बेत तो करायच्या आधीच हाणून पाडणं, त्याची शिकवण निम्झोविचची. पण निम्झोविच ती गोष्ट वाजवून-गाजवून सांगायचा. पेट्रोस्यानने ती न बोलता अंगवळणी पाडली. ऊन रखरखीत असताना गच्चीवरचं वाळवण आत घेणारी एखादी बाई असते. शेजारी हसतात, आणि तासाभराने वळीव येतो. पेट्रोस्यानच्या डावात बऱ्याचदा तो वळीव येतच नाही. त्याने आधीच अशी काही सोय केलेली असते, की ढगच जमत नाहीत. म्हणून त्याचे डाव पहिल्यांदा खेळून पाहताना माणूस वैतागतो. काही घडतच नाही! काय काय घडू शकलं असतं हे शोधायला बसलं, की मग डाव उघडतो.

याचा कळस बघायचा असेल तर १९६०चा हॅम्बर्गमधला वोल्फगांग उन्त्सिकरविरुद्धचा डाव बघावा. पश्चिम जर्मनी विरुद्ध सोव्हिएत संघ असा सामना. पेट्रोस्यान पांढऱ्याकडून खेळतोय, सी पट्टी त्याच्या हत्तींच्या ताब्यात आहे, काळ्याला हलायला जागा नाही. आता राजाच्या बाजूने प्यादी पुढे ढकलून हल्ला करावा हे कुणालाही सुचेल. पण पेट्रोस्यानचा स्वतःचा राजाही त्याच बाजूला आहे. प्यादी पुढे गेली की तो उघडा पडणार. मग त्याने काय करावं? एकोणतिसाव्या खेळीला राजा एफ-१ वर. नंतर ई-१, डी-१, सी-१, बी-१. भर डावात, वजीर आणि हत्ती पटावर असताना, राजा घर बदलत पटाच्या दुसऱ्या टोकाला निघालाय, आणि पुढे ए-२ वर जाऊन बसतो. उन्त्सिकर काय करतोय? राजा जी-८ वर, परत एच-७ वर, परत जी-८ वर. दुसरं काही करताच येत नाही. घर सुरक्षित झाल्यावर, एकेचाळिसाव्या खेळीला, पेट्रोस्यानने जी पट्टीवरचं प्यादं पुढे टाकलं आणि पंचावन्नाव्या खेळीला डाव संपला. प्रतिस्पर्ध्याला काहीच करता येत नाही म्हणून घाई नाही, आणि घाई नाही म्हणून आधी सगळी आवराआवर. हे खेळणाऱ्याला भित्रा म्हणतात! माझ्या मते असा प्रवास भर पटावर काढायला हल्ल्याइतकंच धैर्य लागतं.

भित्रा म्हणण्याला कारणं मात्र त्याने दिली, हेही खरंच. १९६२ची क्युरासाओची कॅंडिडेट्स स्पर्धा तो जिंकला. २७ डावांत १७.५ गुण, आठ विजय, एकोणीस बरोबऱ्या, पराभव एकही नाही. केरेस आणि गेलर अर्ध्या गुणाने मागे. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघांचे आपापसातले सगळे डाव बरोबरीत सुटले होते, आणि त्यांतले बरेचसे लवकर. बॉबी फिशरने यावर कटाचा जाहीर आरोप केला. पुढे कॅंडिडेट्स स्पर्धेचं स्वरूप बदलून एकास एक सामने सुरू झाले. कट झाला की नुसतं शहाणपण, यावर आजही वाद घालतात. मला त्या बरोबऱ्यांत पाहण्यासारखं काही सापडत नाही, एवढं नक्की. पेट्रोस्यानच्या कसबाचा तो आळशी वापर आहे.

त्या विजयामुळे त्याला १९६३ साली मॉस्कोत तेव्हाचा जगज्जेता मिखाइल बोट्विनिक याच्याशी किताबासाठी खेळायला मिळालं. पहिलाच डाव हरला. पाचवा जिंकला. मग दळण सुरू झालं आणि १२.५ विरुद्ध ९.५ असा निकाल लागला. बोट्विनिकने पुन्हा कधी जगज्जेतेपदासाठी पट मांडला नाही. तीन वर्षांनी बोरिस स्पास्की आव्हानवीर म्हणून आला, आणि पेट्रोस्यानने १२.५–११.५ अशा फरकाने किताब राखला. किताब हातात असताना सामना जिंकणारा १९३४च्या अलेखाइननंतरचा तो पहिलाच जगज्जेता. मधल्या काळात बोट्विनिकने सामने बरोबरीत सोडवून किताब टिकवला होता, किंवा हरून परत मिळवला होता.

स्पास्कीविरुद्धच्या या सामन्यातला दहावा डाव पेट्रोस्यानवर ‘कंटाळवाणा’ असा शिक्का मारणाऱ्यांना मी दाखवतो. इथे स्पास्कीच त्याच्या राजावर चालून आलेला आहे. काळ्याचा उंट एच-३ वर येऊन एफ-१ च्या हत्तीला धरतो. हत्ती हलवावा की नाही? पेट्रोस्यान घोडा ई-३ वर आणतो आणि हत्ती तसाच सोडून देतो. घे. स्पास्की घेतो. दोनच खेळ्यांनी काळ्याचा घोडा एफ-४ वर येतो, तेव्हा पेट्रोस्यान दुसरा हत्तीही त्या घोड्यावर उधळतो. आता पांढऱ्याकडे दोन्ही हत्ती नाहीत आणि काळ्याकडे दोन्ही आहेत. पण पांढऱ्याचा उंट ई-६ वर शह देत येतो, घोडे मध्यावर येतात, आणि काळ्याच्या हत्तींना जायला वाट नाही. शेवटची, तिसावी खेळी: पांढरा वजीर थेट एच-८ वर, काळ्या राजाच्या बगलेत, शह. राजाला तो घ्यावाच लागणार. मग घोडा एफ-७ वरचा हत्ती मारतो आणि एकाच वेळी राजा आणि वजीर दोघांवर येतो. वजीर परत, वर एक घोडा जास्त. स्पास्कीने तिथेच डाव सोडला.

इथे आतषबाजी आहे, पण तिची तयारी झुरिकच्याच जातीची आहे. हत्ती नेमकी कुठली घरं सोडून देणार, कुठल्या घरात कुणाला बसवायचं, हाच विचार. आतषबाजी स्पास्कीने मागितली म्हणून झाली. पेट्रोस्यान स्वतःहून ती शोधत कधीच निघाला नसता.

ऑलिम्पियाडमधला त्याचा आलेख याच स्वभावाचा. १९५८ ते १९७८ या काळात दहा ऑलिम्पियाड, १२९ डाव, आणि पराभव अवघा एक, १९७२ साली स्कोप्येला रॉबर्ट ह्युब्नरकडून. एवढे डाव न हरता खेळायला नुसता बचाव पुरत नाही. त्यांतले ७८ त्याने जिंकलेत.

तरी हा खेळाडू कधीकधी विलक्षण चुकायचा. १९५६ साली अॅम्स्टरडॅमला ब्रॉन्स्टाईनला त्याने असं जखडलं होतं, की ब्रॉन्स्टाईन नुसता एक घोडा मागे-पुढे करत वेळ काढत होता. त्या घोड्याने शेवटी एफ-५ वर येऊन पेट्रोस्यानच्या वजिरावर नेम धरला. पेट्रोस्यानने तो पाहिलाच नाही, आपला घोडा जी-५ वर नेला, आणि वजीर गेला. समोरच्याच्या दहा खेळ्यांनंतरच्या बेताची काळजी करणाऱ्याला समोरच्याची पुढचीच खेळी दिसली नाही. याची थट्टा खूप होते. मला त्यात थट्टेपेक्षा जास्त काही दिसतं. घोटाभर पाण्यात पाय भिजू नयेत म्हणून पूल बांधणारा माणूस कधीतरी पुलाच्या कठड्यावरूनच घसरतो.

१९६९ साली स्पास्कीने किताब घेतला. १९७१ साली ब्युनोस आयर्सला फिशरची सलग विजयांची घोडदौड त्यानेच दुसऱ्या डावात थांबवली. पण पुढे शेवटचे चार डाव ओळीने हरला आणि सामना ६.५–२.५ असा गेला. त्या शेवटच्या डावांत पेट्रोस्यान शोधून सापडत नाही.

तो परत सापडतो दहा वर्षांनी, टिलबर्गला, १९८१ साली. समोर अठरा वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह, १३ एप्रिल १९६३ला जन्मलेला, म्हणजे पेट्रोस्यान मॉस्कोत बोट्विनिकशी झुंजत होता नेमका तेव्हा. कास्पारोव्हची सगळी मोहरी काळ्या राजावर तुटून पडलेली. पाहणाऱ्याला वाटतं आता संपलं. पन्नाशी ओलांडलेला पेट्रोस्यान राजाला आडोशाला नेत नाही. त्यालाच पुढे मध्ये आणतो, हल्लेखोरांच्या अंगावर. हल्ला विरून जातो आणि कास्पारोव्ह हरतो.

पुढच्याच वर्षी बुगोयनोला कास्पारोव्हने त्याला चोवीस खेळ्यांत हरवलं. तो डाव जरूर लावून बघावा. पांढऱ्याने कुठेही धाव घेतलेली नाही. मोहरी हळूहळू पुढे सरकली आणि काळ्याची मोहरी मागच्या रांगांत एकमेकांच्या पायात अडकत गेली. शेवटी त्यांना हलायला एकही धड घर उरलं नाही. खेळाडूंची नावं झाकून तो डाव दाखवला, तर पांढऱ्याकडून पेट्रोस्यान खेळतोय असंच मी सांगितलं असतं.