सुट्टीत वाचायची जड पुस्तकं

‘दिवाळीला घरी चाललेय, काहीतरी वाचायला सुचव ना. पण जड नको हं.’

असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. ऑफिसात मराठी वाचणारी म्हणून माझी थोडीफार ख्याती आहे. (ख्याती म्हणजे काय, तर एकदा डेस्कवर ‘कोसला’ पडलेलं दिसलं होतं.) विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. वर्षभर स्क्रीनसमोर बसून डोकं पिकलेलं, त्यामुळे सुट्टीत तरी डोक्याला त्रास नको, ही मागणी मला समजते. माझी गाडी अडते ती ‘जड’ या शब्दापाशी. रडवणारं पुस्तक, त्रास देणारं पुस्तक आणि नुसतंच कंटाळवाणं पुस्तक, या तिघांना आपण एकच लेबल लावतो आणि एकाच कप्प्यात ढकलून देतो. मग त्यातल्या कंटाळवाण्याबरोबर बाकीची दोनही वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात.

सुट्टीतलं वाचन म्हणजे हलकंफुलकं, हे समीकरण मराठीत तरी फार जुनं नसावं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणाच्या सुट्टीत वाचणं ही आपल्याकडे रीतच झाली. त्या अंकांच्या गठ्ठ्यात काय काय असायचं आठवा. ‘आवाज’ची खिडकीचित्रं, राशिभविष्य, पाककृती, आणि त्याच टीपॉयवर ‘मौज’मधली चाळीस पानी कथा, जी वाचून दुपारची झोप उडावी. फराळाचं ताट समोर ठेवून लोक दोन्ही वाचत होते. चिवड्याबरोबर दुःख चालत नाही, असं कुणाला वाटत नव्हतं.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हातात सुट्टीत पडलेलं पहिलं मोठं पुस्तक ‘श्यामची आई’ असतं. मे महिना, आजोळ, आंब्याच्या रसाने चिकटलेली बोटं आणि हमखास रडवणारं पुस्तक. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आश्रमात रात्री मित्रांना आठवणी सांगायच्या, अशी त्याची बांधणी आहे. एक रात्र, एक आठवण. रडवण्यासाठी याहून चांगली रचना सापडणं कठीण. सांगणारा गहिवरतो, ऐकणारे गहिवरतात, मग आपण कोण लागून गेलो? आई जाते, पाठोपाठ तिची मांजर मथीही जाते, आणि तोवर उशी भिजलेली असते. पण रडून झालं की मोकळं वाटतं. पुस्तक मिटून आपण बाहेर खेळायला जाऊ शकतो. मी तरी गेले होते.

म्हणून मला ‘श्यामची आई’ जड वाटत नाही. ते दुःखाचं पुस्तक आहे, पण त्या दुःखाचं काय करायचं तेही तेच सांगतं. रडायचं, आईला नमस्कार करायचा, चांगलं वागायचं.

मोठेपणी ते पुन्हा वाचलं तेव्हा मात्र मी भलत्याच ठिकाणी अडकले. लहानपणी सगळं लक्ष आईवर होतं. आता घराच्या हप्त्याचा मेसेज दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, तेव्हा लक्षात येतं की हे पुस्तक कर्जाचं आहे. सावकाराचा वसुलीला आलेला माणूस दारात बसून वाटेल ते बोलतो, जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते, आणि आई ती घरात बसून ऐकते. तिचं आजारपण या सगळ्याच्या पोटातून वाढत जातं. गुरुजींनी त्यावर वात्सल्याची इतकी जाड साय धरू दिली आहे की खालचं उकळणं चटकन दिसत नाही. रडणं हा या पुस्तकाचा सोपा भाग आहे. दवंडीच्या प्रकरणापाशी मला रडू आलं नाही, आणि तेच पान नंतर बरेच दिवस डोक्यात राहिलं.

‘कोसला’चं उलट आहे. ते इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर विनोदी पुस्तक म्हणून फिरतं. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली ही कादंबरी १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकरची मेस, सेक्रेटरीपद, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची पेरणी, हे सगळं आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. सुट्टीसाठी झकास. आणि मग त्याची धाकटी बहीण देवीनं जाते. तोवर ज्या आवाजात मेसच्या बिलाबद्दल बोलणं चाललं होतं, त्याच आवाजात हे येतं. लेखक आपल्याला आधी सावरून बसायला सांगत नाही. पांडुरंगला रीतसर शोक करता येत नाही, तो चिडतो, घरच्यांवर उखडतो, भलतेसलते विचार करतो, आणि ती पानं वाचताना आपल्या डोळ्यात पाणी येण्याऐवजी तोंड कोरडं पडतं. मोठ्याने वाचण्याचा कार्यक्रम आमच्याकडे तिथे थांबला होता. ज्याच्या हातात पुस्तक होतं तो म्हणाला, पुढचं ज्याचं त्यानं वाचा.

मला जड म्हणजे हे वाटतं. लेखक दुःख समोर ठेवतो, आणि ते बाहेर टाकायची नेहमीची वाट बंद करतो. रडू देत नाही, कुणाला शिव्या घालून मोकळं होऊ देत नाही, ‘शेवटी सगळं ठीक होतं’ असंही म्हणू देत नाही. मग ते वाचणाऱ्याजवळ राहतं.

‘बलुतं’बद्दल हे आणखी वेगळ्या तऱ्हेने खरं आहे. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ साली आलं, आणि त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवले आहेत. कावाखान्यातली माणसं, गावचा महारवाडा, शहर आणि गाव यांच्यामधली ओढाताण हे सगळं पवार आवाज न चढवता सांगतात. दगडू स्वतःच्या वागण्याचीही सफाई देत नाही. वाचताना मला वाईट वाटत होतं, आणि काही पानांनंतर त्या वाईट वाटण्याचीच शंका यायला लागली. ‘बापरे, किती डिप्रेसिंग’ असं म्हणून पुस्तक बाजूला ठेवायची सोय कुणाला आहे? माझ्या एका मित्राने हे पुस्तक अकरावीत असताना एका सुट्टीत तीनदा वाचलं. त्याला ते जड अजिबात वाटलं नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यात त्याच्या आजीची बोली होती, आणि ती छापलेली बघून त्याला भारी वाटलं. तेव्हा ‘जड नको’ म्हणताना आपण पुस्तकाबद्दल बोलतोय की आपण कुठे उभे आहोत त्याबद्दल, हेही तपासावं लागतं.

आता एक साधी, व्यवहारातली गोष्ट. अशी पुस्तकं कामाच्या दिवसांत वाचताच येत नाहीत. मी प्रयत्न केले आहेत. रात्री साडेअकराला ‘बलुतं’ मिटायचं आणि सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला ‘काल काय केलं, आज काय करणार’ हे तीन वाक्यांत सांगायचं. ऑन-कॉलची पाळी असेल तर मधेच फोन कोकलतो, सर्व्हर पडलेला असतो, आणि परत येईपर्यंत पुस्तकाचा धागा तुटलेला असतो. मेट्रोत वाचायला रहस्यकथा उत्तम. दोन स्टेशनांत एक प्रकरण, उतरताना मिटलं की मिटलं. जड पुस्तकाला वाचायच्या तासांइतकेच रिकामे तास नंतर लागतात, आणि ते वर्षातून दोनदाच मिळतात, मे महिन्यात आणि दिवाळीत. तेच तास आपण ‘नुसतं टाइमपास’ला देतो आणि जड पुस्तकं जूनच्या एखाद्या मंगळवारवर ढकलतो, तिथे ती मरतात.

आणि ज्यांना हलकं म्हणून सुट्टीला नेतो ती तरी हलकी असतात का? ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे या बाबतीतलं सगळ्यात लबाड पुस्तक. अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यावर आपण हसत असतो आणि शेवटाकडे आल्यावर कळतं की आपण एका एकट्या म्हाताऱ्याच्या अंधाऱ्या घरात बसलो आहोत.

हसू आणि दुःख यांबद्दल मला जे थोडंबहुत समजलं ते माझ्या आईमुळे. २०२१च्या मे महिन्यात माझा मामा कोविडने गेला. त्याला घरी आणता आलं नाही, कुणाला भेटायला येता आलं नाही, दहावा-तेरावा असा काही झालाच नाही. वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच होते. आई दिवसभर काम करायची आणि दुपारी भिंतीकडे बघत बसायची. पंधरा-वीस दिवसांनी तिने वाचायला काहीतरी मागितलं. मी कपाटासमोर बराच वेळ उभी होते. विनोदी द्यावं तर तो तिचा अपमान वाटला असता, आणि दुःखी द्यायची माझी छाती नव्हती. शेवटी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली.

त्यात दुःखं कमी आहेत असं नाही. वडिलांचं सोवळ्याचं वेड घरातल्या सगळ्यांना जाळत असतं. नवरा कवी, देवमाणूस आणि बेभरवशाचा. न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले पैसे वाटून टाकणारा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचं जग एका बातमीत दुभंगलं, पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. आजच्या कुठल्याही आत्मकथनात अशा वळणावर भरपूर पार्श्वसंगीत वाजलं असतं. लक्ष्मीबाई हे सगळं जेवणं झाल्यावर पडवीत बसून सांगावं तसं सांगतात. स्वतःच्या अडाणीपणावर हसतात, नवऱ्याच्या विसराळूपणावर हसतात. दुःख लपवायला हसतात असंही नाही. झालं ते असं झालं, आणि त्यात हे असं हास्यास्पदही होतं, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून आईचं हसणं ऐकू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा. मी आत गेले तर ती हसतही होती आणि पदराने डोळेही पुसत होती. ‘ही बाई रडत बसत नाही गं,’ म्हणाली. त्या संध्याकाळी ती मामाबद्दल बोलली. लहानपणी तो विहिरीत चप्पल टाकायचा आणि नाव आईवर यायचं, ते.

पुस्तकाने दुःख बरं होतं असला दावा मला करायचा नाही. ते झालं नाही. पण त्या वेळी तिला हलकं पुस्तक दिलं असतं तर तिने ते दोन पानांत बाजूला ठेवलं असतं, याची मला खात्री आहे. म्हणूनच आजकाल पुस्तकाबद्दल आधीच विचारलं जातं ना, ‘याने मला त्रास होईल का’, त्या प्रश्नाला मी हसत नाही. विचारणाऱ्याच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. नुकतंच कुणी गेलं असेल तर ‘कोसला’ची ती पानं मी आधी सांगूनच पुस्तक हातात देईन. फक्त ‘दुःखी आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. ते दुःख लेखक कुठल्या आवाजात सांगतो, आणि सांगून झाल्यावर आपल्याला कुठे सोडतो, हे सांगावं लागतं.

गेल्या दिवाळीला मी ‘रणांगण’ पुन्हा वाचलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ साली आली, शे-सव्वाशे पानांची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. तिच्यावर चक्रधर हा आधी एकदा प्रेमात पोळलेला मराठी माणूस, आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. वरवर पाहिलं तर ही सुट्टीतली गोष्टच आहे. डेक, समुद्र, ओळखी, प्रेम. पण बोटीवरचे ज्यू शांघायला निघाले आहेत, कारण त्या काळात व्हिसा न मागता त्यांना आत घेणाऱ्या जागा जगात जवळजवळ उरल्या नव्हत्या. मुंबई आली की चक्रधर उतरतो. हॅर्टा पुढे जाते. मागे राहतात तिची पत्रं आणि तिने स्वतःचा जीव दिल्याची बातमी. (शेवट फोडला म्हणून रागावू नका, ऐंशीहून जास्त वर्षं झाली आहेत.) सगळा दोष हिटलरच्या पदरात टाकून मोकळं व्हावं, तर बेडेकर तसं करू देत नाहीत. चक्रधर चांगला माणूस आहे, त्याचं प्रेम खरं आहे, आणि तो उतरतो. दुसरं काय करता आलं असतं, असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर काही सापडत नाही.

दादरहून रत्नागिरीला जाताना खिडकीशी बसून वाचत होते. खेड यायच्या आधीच पुस्तक संपलं. पुढे दीड-दोन तास होते. बोगद्यांमुळे फोनची रेंज येत-जात होती, म्हणून तो बॅगेत टाकला. समोरच्या काकूंनी चकली दिली, ती खाल्ली. बॅगेत दुसरं पुस्तक होतं, एक छानसा रहस्यपट. ते मी परतीच्या गाडीत बसेपर्यंत उघडलं नाही.